‘पाणी हवंय का?’ हा प्रश्नच विचारू नका

*सिस्टर, नमस्कार. माझी आई ७९ वर्षांची. पाच वर्षांपूर्वी तिला अल्झायमर्स असल्याचं निदान झालं. घरी आमचं बरं चाललं होतं. माणसं विसरायची, पण खाणंपिणं ठीक होतं. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आज चौथा दिवस. ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, पण आई पाणीच पीत नाही. ‘पाणी हवंय का?’ विचारलं की ‘नको’. ग्लास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटते. मोठा भाऊ नाक दाबून चमच्याने ओततो, मग ती ठसकते, रडते. धाकटा म्हणतो, सलाईन चालू आहे ना, मग कशाला मागे लागता? लघवी कमी होतेय. दिवसभर गुंगीत असते, रात्री बडबडते, सलाईनची सुई उपसायला बघते. डॉक्टर राउंडला येतात, ‘पाणी वाढवा’ म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. किती वाढवू, कसं वाढवू? नाकातून नळी घालावी लागेल असं आज सांगितलंय. घालू द्यावी का?*
*— एक मुलगी, वाळवा तालुका*

ताई,

आधी तुमच्या दादांना थांबवा, आजच. त्यांची तळमळ कळते मला, पण नाक दाबून पाणी ओतणं हा फार धोक्याचा प्रकार आहे. नाक बंद झालं की माणूस तोंडाने श्वास ओढतो, आणि नेमकं त्याच वेळी तोंडात पाणी असतं. ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. आई ठसकते हे एका अर्थी बरंच. काही म्हाताऱ्या माणसांना खोकलासुद्धा येत नाही, पाणी गुपचूप फुप्फुसात जातं आणि दोन-तीन दिवसांनी ताप आला की कळतं, न्यूमोनिया झालाय. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना गाठणाऱ्या दुखण्यांत न्यूमोनिया फार वरच्या नंबरावर आहे. शिवाय, कोणी काय केलं हे आई विसरेल, पण भेदरलेपण तिच्यात राहील. आणखी दोन दिवस असं चाललं तर ग्लास दिसताच ती तोंड फिरवायला लागेल, आणि मग तुमच्या हातूनही घेणार नाही.

आता डॉक्टरांना धरा. ‘पाणी वाढवा’ हे सांगणं अर्धवट आहे, आकडा मागा. हृदय कमकुवत असेल, मूत्रपिंड नीट चालत नसेल किंवा रक्तातलं सोडियम उतरलेलं असेल तर काही पेशंटना पाणी मोजून द्यावं लागतं. तुमच्या आईला तसं बंधन आहे की नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. बीपीसाठी किंवा पायांच्या सुजेसाठी लघवीची गोळी चालू असेल, तर पाणी पोटात जात नसताना ती द्यायची का, हेही विचारा. ती गोळी जुन्या कागदावरून नव्या कागदावर तशीच उतरवली जाते आणि तिचा विचार कोणीच करत नाही, असं पुष्कळदा होतं.

दुसरं, आईचं गिळणं तपासून घ्यायचं. मोठ्या दवाखान्यात त्यासाठी स्पीच थेरपिस्ट असतात. बोलणं शिकवणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण गिळणं तपासणं हेही त्यांचंच काम. तिथे नसतील तर कान-नाक-घसा डॉक्टरांना बोलवा म्हणून सांगा. तोवर तुम्ही स्वतः लक्ष ठेवा. घोटानंतर खोकला येतो का, आवाज ओला, घोगरा होतो का, पाणी तोंडातच धरून ठेवते का, ओठांच्या कडेने सांडतं का, पिताना धाप लागते का. यातलं काही दिसलं तर पातळ पाणी थांबवून सिस्टरना बोलवा. काही पेशंटना पाणी दाटसर करून द्यावं लागतं. त्याची पावडर औषधांच्या दुकानात मिळते, पण किती दाट करायचं हे तपासणाऱ्याने ठरवायचं असतं, शेजारच्या खाटेवरच्यांना विचारून नाही. आणि दाट पाणी कोणालाच आवडत नाही, त्यामुळे ते सुरू झालं की पोटात जाणारं पाणी आणखी घटतं. तेव्हा दुप्पट लक्ष द्यावं लागतं.

आडवं असताना घोटभरही द्यायचं नाही. पाठ उचलून बसवायचं, मान मागे पडू द्यायची नाही, हनुवटी किंचित छातीकडे. खुब्याच्या काही ऑपरेशनांत कंबरेतून फार वाकायला मनाई असते, म्हणून खाट किती उचलायची हे फिजिओथेरपिस्टना एकदा विचारून ठेवा. पिऊन झालं की लगेच आडवं करू नका, अर्धा तास तरी तसंच बसू दे.

हे झालं की मग पुढचं.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थबकले. ‘दिवसभर गुंगीत, रात्री बडबड.’ पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं ना? मग हा स्मृतिभ्रंश वाढला असं धरून चालू नका. चार दिवसांत बदललेलं माणूस म्हणजे बहुतेक वेळा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा भ्रम, आणि त्याच्यामागे कारणं असतात: पाणी कमी पडणं, लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, चार-चार दिवस न झालेली शौच, तुंबलेली लघवी, न सांगता आलेलं दुखणं, झोपेची किंवा गुंगीची औषधं. पाणी कमी पडल्याने भ्रम होतो आणि भ्रमामुळे पाणी पिणं होत नाही, अशी ती एकात एक अडकलेली भानगड असते. उद्या राउंडच्या वेळी एवढंच एक वाक्य बोला: ‘डॉक्टर, आई पाच वर्षांत अशी कधीच नव्हती, या चार दिवसांत झाली.’ ‘आईला काही कळत नाही’ असं म्हणालात तर ते ‘वय झालंय’ म्हणून पुढे जातील. ‘चार दिवसांत झाली’ म्हणालात तर थांबतील. रक्तातलं सोडियम, युरिया, क्रिएटिनिन (यांवरून अंगातलं पाणी आणि मूत्रपिंडाचं काम कळतं) कधी तपासलं तेही विचारा. म्हाताऱ्या माणसाच्या हाताची कातडी चिमटीत धरून किंवा लघवीचा रंग बघून पाण्याचा अंदाज बांधायची आपल्याकडे फार सवय आहे, पण या वयात त्यावर भरवसा ठेवता येत नाही. रक्ताचा रिपोर्टच खरं सांगतो.

किती पाणी? युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने वयस्कर बाईसाठी दिवसाला साधारण १.६ लिटर आणि पुरुषासाठी २ लिटर पेय असं धरलंय. पेय म्हणजे नुसतं पाणी नव्हे. चहा, दूध, ताक, सरबत, सगळं त्यात आलं. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला तर तो खरा. आता १.६ लिटर ऐकून घाबरू नका. आई जे भांडं ओळखते त्यात किती मावतं ते एकदा औषधाच्या मापाने मोजून घ्या. समजा दीडशे मिली मावतं. म्हणजे सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दहा-अकरा वेळा. पण एका वेळी भांडं संपवायचा आग्रह धरू नका. दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, असं धरून चाला. आई आजच काही घेत नसेल तर उद्या १.६ लिटरवर जाणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. आजच्यापेक्षा उद्या जास्त, एवढं बघा. तोवरची तूट सलाईन भरून काढेल.

आता मूळ मुद्दा, ‘नको’चा.

वय झालं की तहानेची जाणीव मंदावते. अंगात पाणी कमी असलं तरी तोंड ‘पाणी द्या’ म्हणत नाही. स्मृतिभ्रंशात त्यावर आणखी एक थर चढतो: जी थोडीफार तहान लागते तिला काय म्हणायचं आणि तिच्यावर काय करायचं हे सुचत नाही. अशा माणसाला ‘पाणी हवंय का?’ विचारणं म्हणजे आत डोकावून बघ आणि उत्तर दे, असं सांगण्यासारखं आहे. तिला आत काहीच सापडत नाही. आणि उत्तर सुचत नसेल तेव्हा सर्वांत सोपं, सर्वांत सुरक्षित उत्तर ‘नको’. आपल्या आया तर जन्मभर पाहुण्यांच्या घरी पहिलं उत्तर ‘नको’ असंच देत आल्या! त्या ‘नको’चा अर्थ पाणी नको असा घेऊच नका.

म्हणून विचारायचं नाही. भांडं आणायचं, तिच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर धरायचं, ‘आई, पाणी’ एवढंच म्हणायचं आणि तिच्या हातात द्यायचं. तिचा हात भांड्याभोवती नीट बसला नाही तर तुमचा हात तिच्या हातावरून धरा आणि दोघींनी मिळून वर न्या. भांडं तिच्या हाताने तोंडाशी गेलं तर ओठ बरेचदा आपोआप उघडतात. परक्या हाताने आलं तर मिटतात. पहिला घोट झाल्यावर थांबा. गिळलेलं दिसू दे, मग दुसरा. घाई केली की सगळं ओमफस.

शेजारी बसून तुम्हीही प्या. हे नुसतं सोबत म्हणून नव्हे, समोरचा माणूस पितोय हे बघून हात चालतो. आणि आई ज्या पिढीची आहे त्या पिढीतल्या बायका घरातल्या सगळ्यांचं झाल्याशिवाय घेत नाहीत. ‘तू घेतलंस? दादाने घेतलं?’ असं आईने विचारलं तर ‘सगळ्यांचं झालं, तुझंच राहिलंय’ म्हणा. खोटं असलं तरी म्हणा. मला या बाबतीत काडीचंही वाईट वाटत नाही.

भांड्याचंही बघायला हवं. पांढऱ्या चादरीवर, पांढऱ्या ट्रेमध्ये, पारदर्शक ग्लासात पाणी ठेवलं तर तुम्हाआम्हाला दिसतं. अल्झायमर्सच्या पेशंटला कित्येकदा दिसतच नाही, कारण रंगांमधला आणि उजेड-अंधारातला फरक टिपण्याची डोळ्यांची ताकद त्या आजारात कमी होते. अमेरिकेत बॉस्टनच्या संशोधकांनी अल्झायमर्स वाढलेल्या नऊ पुरुषांना पांढऱ्याऐवजी लालभडक ताटली-पेल्यांतून जेवण दिलं. २००४ साली ते प्रसिद्ध झालं. पिण्याचं प्रमाण ८४ टक्के आणि खाण्याचं २५ टक्के वाढलं. नऊ माणसं म्हणजे लहानच संख्या, तरीही करून बघायला खर्च काय? बोहारणीकडचा लाल प्लास्टिकचा पेलासुद्धा चालेल. ब्रिटनच्या काही दवाखान्यांत पाण्याच्या जगला लाल झाकण लावतात. या पेशंटला पाणी पिण्यासाठी मदत लागते, हे त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कळतं. आपल्याकडे खाटेशेजारी काय असतं, तर बाहेरच्या दुकानातून आणलेली लिटरची सीलबंद बाटली. तिचं झाकण धडधाकट माणसालाही दाताने उघडावंसं वाटतं.

पण रंगापेक्षाही मी सवयीला जास्त मान देते. कोकणातल्या एका आजी आमच्या वॉर्डात होत्या. नळीचा प्लास्टिकचा फीडिंग कप तोंडाशी नेला की हाताने उडवून लावायच्या. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, ‘आमच्या आत्याबाईंनी जन्मात कधी भांड्याला तोंड लावून पाणी प्यायलेलं नाही, वरून पितात.’ आता वरून पाणी ओतणं त्या अवस्थेत अगदी अशक्य, ठसका ठरलेला. सून हुशार होती. तिने घरून तांब्याची पळी आणि छोटी वाटी आणली, आजींचा उजवा तळवा स्वतःच्या हातावर पालथा-उताणा करून बघितला आणि म्हणाली, ‘आत्या, तीर्थ.’ आजींची बोटं आपोआप जुळली, अंगठा आत वळला, तळव्याची खोलगट वाटी झाली. पळीभर पाणी तळव्यात पडलं, त्यांनी ते ओठांनी ओढून घेतलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. दहा मिनिटांनी पुन्हा तीर्थ. एका पळीत जेमतेम चहाच्या चमच्याएवढं पाणी, म्हणजे त्यावर दिवस निघणार नव्हता. पण दुसऱ्या दिवशी त्याच सुनेच्या हातून त्या वाटीनेही पाणी घ्यायला लागल्या. तोपर्यंत आम्ही सगळ्या जणी ‘पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह’ असं चार्टवर लिहून मोकळ्या झालो होतो.

तर तुम्ही आठवा. आई घरी कशातून प्यायची? स्टीलचं फुलपात्र की काचेचा ग्लास? माठातलं की साधं? फ्रिजचं तिला चालायचं नाही आणि इथे कोणी गार बाटली देतंय, असं तर नाही ना? चहा बशीतून प्यायची का? असेल तर कप बाजूला ठेवा आणि बशीच द्या. बशीत चहा लवकर निवतो, दोन्ही हातांनी धरता येते आणि घोटही लहान येतो. फक्त आधी स्वतःच्या ओठाला लावून बघा, कारण गरम लागलं तरी ती सांगणार नाही. चहाने अंगातलं पाणी उलट कमी होतं, ही समजूत सोडून द्या. दिवसाला तीन-चार कप साधा चहा पाण्यातच मोजायचा. अंघोळ झाल्याशिवाय पाण्याला शिवायचं नाही असा आईचा नेम असेल तर सकाळी आधी ओल्या फडक्याने तोंड-हात पुसा, कपाळाला कुंकू लावा, ‘झाली अंघोळ’ म्हणा आणि मग भांडं पुढे करा. ‘आज एकादशी आहे’ म्हणाली तर एकादशी. उपवासाला ताक चालतं, शहाळं चालतं, लिंबाचं सरबत चालतं, दूध चालतं. वाद घालून तारीख पटवून देण्यात तिची आणि तुमची अशी दोघींची शक्ती जाते, पोटात मात्र थेंब जात नाही.

पाण्याशिवाय काय देता येईल, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण त्यावर बरंच अवलंबून असतं. स्मृतिभ्रंशात गोड आणि ठसठशीत चवी जास्त आवडायला लागतात, बेचव पाणी मागे पडतं. कोकम सरबत, मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, भाताची पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील. गिळणं ठीक असेल तर कलिंगडाची फोड, मोसंबीचा रस. हे सगळं पाणीच. डायबेटिस असेल तर गोडाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळंही विचारूनच, कारण त्यात पोटॅशियम भरपूर. बीपीच्या काही गोळ्यांनीही रक्तातलं पोटॅशियम वाढतं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो म्हणून सांगते. आणि पेशंटसाठी आलेलं शहाळं शेवटी नातेवाईकच पितात, तेही बघितलंय.

इंग्लंडमध्ये एका तरुणाने स्मृतिभ्रंश झालेल्या आजीसाठी पाण्याच्या रंगीत गोळ्या बनवल्या, त्यात पंचाण्णव टक्के पाणीच. आजी पाणी प्यायची नाही, पण गोळ्या खाऊ म्हणून उचलायची. तीच कल्पना घरी चायना ग्रास घालून कोकमाच्या किंवा संत्र्याच्या रसाची वडी थापून जमते. पण ही वडी तोंडात विरघळत नाही, चावावी लागते. दात नसतील, तोंडात घास साठवून ठेवत असेल किंवा गिळताना अडखळत असेल, तर अजिबात देऊ नका.

दातांवरून आठवलं. आईला कवळी आहे का? भूल देण्याआधी कवळी, चष्मा, कानातलं यंत्र काढून ठेवतात. ते सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून खाटेशेजारच्या कपाटात जातं आणि चौथ्या दिवशीही तिथेच असतं. चष्मा नाही म्हणून भांडं दिसत नाही, यंत्र नाही म्हणून ‘आई, पाणी’ ऐकू येत नाही, कवळी नाही म्हणून ओठ नीट मिटत नाहीत आणि पाणी सांडतं. आज जाऊन आधी ती पिशवी शोधा. तोंडही बघा. जिभेवर पांढरा थर, फुटलेले ओठ, हिरडीला जखम असेल तर पाणी झोंबत असणार. ओल्या मऊ कापडाने दिवसातून तीन-चार वेळा तोंड पुसून घेतलं, ओठांना तूप लावलं, तर पहिला घोट सोपा जातो.

वेळ साधा. बऱ्याच पेशंटचं डोकं सकाळी जास्त थाऱ्यावर असतं आणि दिवेलागणीला बिथरतं. अर्ध्याहून अधिक पाणी दुपारच्या जेवणापर्यंत गेलेलं असावं. गोळ्या देताना संधी सोडू नका: गिळणं ठीक असेल तर गोळीपुरता एक घोट न देता अर्धं भांडं द्या, गोळीच्या निमित्ताने ती घेईल. रात्री झोपेतून उठवून पाजायचं नाही.

आणि लघवीचं. बायका पाणी टाळतात त्यामागे कित्येकदा हेच कारण असतं. परक्या ठिकाणी, परक्या माणसाकडून भांडं लावून घ्यायचं म्हणजे संकोच, आणि हा संकोच स्मृतिभ्रंशातही शाबूत राहतो. लघवीची नळी असेल तर ती कधी काढणार ते रोज विचारा. गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवली की संसर्ग होतो. नळी नसेल तर प्यायल्यानंतर ठरावीक वेळाने पडदा ओढून, शक्यतो तुम्ही किंवा वहिनींनी, भांडं लावा. डायपर आहे म्हणून ‘होऊ दे त्यातच’ असं आईला कोणी म्हणत असेल तर ते बंद करा.

धाकट्या भावांचं सलाईनबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आत्ता सलाईन हवंच. पण ते पाच-सहा दिवसांत बंद होणार, आणि त्या दिवशी आई तोंडाने काहीच घेत नसेल तर तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर याल. शिवाय म्हाताऱ्या हृदयाला सलाईन जास्त झालं तर धाप लागते, पायांवर सूज येते. हात हलतोय म्हणून सुई निघते, म्हणून हात बांधतात, आणि बांधलेल्या हाताने पाणी कसं पिणार? सुई लपवता येते: वरून मऊ बँडेज आणि पूर्ण बाहीचा जुना स्वेटर. हात बांधायला कोणी आलं तर आधी ‘आमच्यापैकी एक जण शेजारी बसतो’ असं म्हणा आणि खरंच बसा.

नाकातल्या नळीबद्दल. थोड्या दिवसांसाठी, सुधारण्यासारख्या कारणासाठी ती घालावी लागली तर माझा विरोध नाही. डिलिरियम उतरेपर्यंत, गिळणं परत येईपर्यंत, औषधं पोटात जावीत म्हणून. तेव्हा डॉक्टरांना विचारा: किती दिवसांसाठी, कशासाठी, आणि कधी काढायची हे कोण ठरवणार? पण आजार फार पुढे गेलेल्या माणसाला कायमची नळी घालून आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असं आढळलेलं नाही. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटनाही अशा वेळी नळीऐवजी हाताने, सावकाश भरवणंच सुचवते. तुमची आई चार-पाच दिवसांपूर्वीपर्यंत घरी नीट खात-पीत होती, त्यामुळे तुमच्यासमोरचा प्रश्न कायमच्या नळीचा नाही. आधी डिलिरियमची कारणं शोधायला लावा, गिळणं तपासा आणि दोन दिवस या पद्धतीने प्रयत्न करू देण्याची परवानगी मागा. अगदीच ग्लानीत असेल, हाक मारूनही डोळे उघडत नसतील, तर मात्र तोंडाने काही देऊ नका आणि निर्णय लांबवूही नका.

एक कागद लिहून खाटेच्या डोक्याशी चिकटवा. दिवसाच्या सिस्टर वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, मावशी तिसऱ्याच. तुम्हाला कळलेलं त्यांना कुठून कळणार? मोठ्या अक्षरात, असं काहीसं:

‘आईंना पाणी हवंय का असं विचारू नका, भांडं हातात द्या. लाल पेला किंवा स्टीलचं फुलपात्र. साधं पाणी, फ्रिजचं नाही. चहा बशीतून. पाठ उचलून बसवल्याशिवाय काहीही देऊ नका. उजव्या कानाने ऐकू येतं. नाक दाबू नका. किती प्यायल्या ते खालच्या कागदावर लिहा.’

खालच्या कागदावर, दिलेलं नव्हे तर प्यायलेलं लिहायचं. चार्टवर ‘एक ग्लास’ असतो आणि ग्लास टेबलावर तसाच भरलेला असतो, हे कुठल्याही वॉर्डात जाऊन बघा. हे काम तुमच्या दादांना द्या. ज्या माणसाला काहीतरी करावंसं वाटतंय, त्याला मोजायला बसवलं की त्याचा जीवही थंड होतो. संध्याकाळी बेरीज करून तोच कागद त्यांनीच डॉक्टरांना दाखवावा.

घरी सोडतील तेव्हा चार गोष्टी डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या: दिवसाला पाणी किती, दाटसर करायचं का, लघवीची गोळी चालू की बंद, आणि सोडियम-क्रिएटिनिन पुन्हा कधी तपासायचं. घरी गेल्यावर अडचण आली आणि कोणाला विचारावं ते कळलं नाही तर ज्येष्ठ नागरिकांची सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७. पण मध्येच आई हाकेला ओ देईनाशी झाली, ताप आला, धाप लागली किंवा दिवसभरात लघवीच झाली नाही, तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.